वेगाचा पट

कापूस वेंचून घरांत आला, ज्वारी खळ्यावर पडली, आणि थंडी अंगाला मानवूं लागली, म्हणजे वऱ्हाडांतल्या खेड्याखेड्यांतून एकच बोलणें ऐकूं येतें : यंदां पट कोठें भरणार? पट म्हणजे शंकरपट. ढेंकळें काढून साफ केलेली जमिनीची एक सरळ पट्टी. तिच्या एका टोकाला अगदीं हलका असा छकडा, त्याला जुंपलेली बैलांची जोडी, आणि छकड्यावर जेमतेम तोल सांवरून बसलेला एक धुरकरी. इशारा होतो, जोडी सुटते, आणि उडालेली धूळ खालीं बसण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो. या शर्यतींत वळण नाहीं, डावपेंच नाहींत, मागें पडल्यावर भरून काढण्यास दुसरी फेरी नाहीं. पट किती सेकंदांत तोडला, एवढाच काय तो प्रश्न. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पट सर्व विदर्भांत नांवाजलेला आहे. त्याची वार्ता बुलढाणा जिल्ह्यांतील घाटाखालच्या व घाटावरच्या दोन्ही भागांत सारख्याच उत्सुकतेनें ऐकिली जाते.

पटाचा छकडा ज्यानें जवळून पाहिला असेल, त्याच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. तो छकडा ओझें वाहण्याच्या कामाचा नसतो. त्याच्यावर कापूस लादून खामगांवच्या बाजारांत नेतां येत नाहीं, कीं घरच्या मंडळींना बसवून यात्रेला जातां येत नाहीं. त्याचें लांकूड तासून तासून हलकें केलेलें असतें. मूळ गाडीचें जें काम, तें त्यानें सोडून दिलें आहे, आणि केवळ थोड्या अंतराची सरळ धाव एवढेंच काम पत्करलें आहे.

हीच गोष्ट हल्लींच्या काळांत मोटारगाडीच्या बाबतींत घडूं लागली आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. दोन मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, दिव्याचा इशारा होतांच सोडावयाच्या, आणि पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, सरळ धांवून पुढें कोण जातें हें पाहावयाचें, या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. मराठींत तिला सरळधाव म्हणण्यास हरकत नाहीं. वऱ्हाडी माणसानें तिला मोटारींचा शंकरपट म्हटलें तरी तें चुकीचें होणार नाहीं. रोजच्या वापराची, घरच्या माणसांना घेऊन जाणारी मोटार या शर्यतीसाठीं कशी तयार करतात, त्यांत काय साधतें, आणि काय हातचें जातें, हें समजून घेणें सुशिक्षित कुटुंबांना अवश्य झालें आहे. कारण ही हौस आतां परदेशांतील श्रीमंतांपुरती राहिलेली नाहीं. ती खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर येथल्या घरांतील तरुण मुलांच्या मनांत शिरली आहे.

या हौसेचें मूळ टर्बो नांवाच्या यंत्रांत आहे. तें समजण्यास फार विद्या लागत नाहीं. चुलीपुढें बसलेल्या प्रत्येक गृहिणीला त्याचें तत्त्व ठाऊक आहे. लांकडें आहेत, विस्तव आहे, परंतु जाळ होत नाहीं, तेव्हां ती फुंकणी हातीं घेते. फुंकणीनें लांकूड वाढत नाहीं, हवा वाढते. आणि हवा वाढली म्हणजे तेंच लांकूड भडकून जळतें. लोहाराचा भाता हें त्याचेंच मोठें रूप. मोटारीच्या इंजिनांतही जाळ आहे. १ किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. त्यामुळें इंजिनाची शक्ति वाढवावयाची तर नुसतें पेट्रोल अधिक ओतून भागत नाहीं, हवा अधिक कोंबावी लागते. १.२ लिटरचें लहानसें इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेऊं लागलें, म्हणजे तें मिनिटास सुमारें ३६०० लिटर हवा ओढतें. त्याच्या तोंडाशीं भाता लाविला व हवेचा दाब दुप्पट केला, तर त्याच वेळांत जवळजवळ दुप्पट हवा आंत जाते, आणि लहान इंजिन आपल्याहून दुप्पट मोठ्या इंजिनासारखें काम करूं लागतें.

आतां हा भाता हलवावयाचा कोणीं? येथेंच या यंत्राची खरी खुबी आहे. इंजिनांतून जो तप्त धूर बाहेर पडतो, तो पूर्वीं फुकट जात असे. टर्बोमध्यें तोच धूर एका लहानशा पंख्यावर सोडतात. पंखा फिरतो, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसविलेला पंखा ताजी हवा दाबून इंजिनांत लोटतो. म्हणजे भट्टीच्या धुरानेंच भट्टीचा भाता चालावा, अशी ही योजना आहे. हे पंखे तळहातावर मावण्याइतके लहान असतात, परंतु ते मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. आल्फ्रेड बुची नांवाच्या स्विस इंजिनिअरानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें पाइक्स पीक या सुमारें चौदा हजार फूट उंचीच्या पर्वतावर विमानाचें इंजिन नेऊन दाखवून दिलें कीं, विरळ हवेंत गुदमरणारें इंजिन या भात्याच्या योगानें पुन्हां पुरता श्वास घेऊं शकतें. घरगुती मोटारींत टर्बो प्रथम १९६२ सालीं आला, तोही अमेरिकेंतच. आज आपल्याकडील मालट्रका, जीपगाड्या आणि कित्येक नवे ट्रॅक्टर यांच्या डिझेल इंजिनांतही तो आहे. तेथें तो ओझें ओढण्यासाठीं आहे. गेल्या पंधरा वर्षांत तो लहान पेट्रोल गाड्यांत आला, आणि तेथून हा शर्यतीचा नाद सुरू झाला. २०१३ सालीं भारतांत आलेली पोलो जीटी टीएसआय ही गाडी हौशी मंडळींत विशेष प्रिय झाली, त्याचें कारण हेंच : इंजिन अवघें १.२ लिटरचें, आणि शक्ति १०५ अश्वांची.

अशी एखादी टर्बोची गाडी घरीं असलेला एक तरुण डोळ्यांपुढें आणावा. तो मलकापूरचा असो कीं देऊळगांवराजाचा असो. गाडी चांगली पळते, परंतु त्याला ती अधिक पळावयास हवी आहे. त्याला पहिल्यानें कळतें तें हें कीं, भात्याचा जोर वाढविणें फार सोपें आहे. हल्लींच्या गाडींत किती हवा, किती पेट्रोल, आणि ठिणगी केव्हां, याचे कोष्टक एका विजेच्या पेटींत लिहून ठेविलेलें असतें. जाणता कारागीर गाडीला संगणक जोडून तें कोष्टक बदलतो, आणि घटकाभरांत शक्ति चौथ्या हिश्शानें वाढूं शकते. गाडीवर नवा खिळाही बसलेला नसतो. बाहेरून ती शेजाऱ्याच्या गाडीसारखीच दिसते. तरुणाला वाटतें कीं कंपनीनें कंजूषपणानें लपवून ठेविलेलें धन आपल्या हातीं लागलें.

वस्तुतः तें धन नसून शिल्लक होय. समंजस गृहस्थ जसा पगारांतील कांहीं रुपये आजारपणासाठीं बाजूला ठेवितो, तसें इंजिन बनविणाऱ्यानें कांहीं बळ बाजूला ठेविलेलें असतें : उन्हाळ्यांतील ४५ अंशांच्या उष्म्यासाठीं, भेसळीच्या पेट्रोलसाठीं, घाट चढतांना भरलेल्या गाडीसाठीं, तेल बदलण्यास विसरलेल्या मालकासाठीं. कोष्टक बदलणारा तरुण ही शिल्लक खर्चावयास काढतो. ती एकदां संपली म्हणजे पुढची मागणी कोणाकडे जाते, तें आतां पाहूं.

हवा दाबली कीं ती तापते. सायकलला हवा भरतांना पंपाचें नळकांडें गरम होतें, हें कोणीही अनुभवावें. तापलेली हवा विरळ असते. म्हणजे भाता जेवढा जोरानें चालवावा, तेवढी हवा अधिक तापावी, आणि मिळविलेलें पुन्हां गमवावें. म्हणून टर्बो व इंजिन यांच्यामध्यें हवा थंड करणारी जाळी बसवितात. तिला इंटरकूलर म्हणतात. शर्यतीच्या गाडीला ही जाळी मूळच्यापेक्षां मोठी लागते. ती न बदलतां जो केवळ दाब वाढवितो, त्याच्या इंजिनांत एक घातक विकार उत्पन्न होतो. पेट्रोल ठिणगीची वाट न पाहतां उष्णतेनें व दाबानें आपोआप, अवेळीं पेटतें. घडीभर लोखंडावर हातोडी पडल्यासारखा टणटण आवाज येतो. हा आवाज म्हणजे इंजिनाची शेवटची सूचना होय. ती ऐकूनही जो पाय काढीत नाहीं, त्याच्या इंजिनाच्या दट्ट्याला भोंक पडतें, आणि त्याबरोबर बापाच्या दोन वर्षांच्या बचतीलाही पडतें.

समजा, त्यानें जाळी बदलली, अधिक पेट्रोल सोडणाऱ्या पिचकाऱ्या बसविल्या, आणि इंजिन सुखरूप राहिलें. आतां वाढलेलें बळ पुढें जातें तें क्लचकडे. मूळचा क्लच तें बळ धरूं शकत नाहीं. तो घसरतो व जळतो. क्लच मजबूत केला तर ताण दांतेरी चक्रांवर येतो. तीं बदललीं तर चाकांना फिरविणारे दांडे पिळवटतात. तेही बदलले तर शेवटीं सगळा भार येऊन पडतो तो चार तळहातांएवढ्या जागेवर, जेथें चार टायर जमिनीला टेंकतात. आणि येथें बैलगाडीचा जुनाच धडा नव्यानें शिकावा लागतो. गाडींत मागच्या बाजूला ओझें अधिक झालें म्हणजे धुरा वर उचलली जाते. शेतकरी म्हणतो, गाडी उलाळ झाली. मोटार जोरानें सुटते तेव्हां तिचा भारही असाच मागें जातो. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना इंजिनाचा जोर पुढच्या चाकांतून मिळतो. म्हणजे ज्या चाकांनीं जमीन घट्ट धरावयाची, तींच ऐन वेळीं हलकीं होतात, जागच्या जागीं गरगर फिरतात, धूर काढतात, आणि गाडी तेथल्या तेथें राहते. पाहणाऱ्यांना तो मोठा पराक्रम वाटतो; घड्याळाच्या लेखीं तो केवळ फुकट गेलेला वेळ असतो. जाणते लोक शर्यतीसाठीं मऊ रबराचे, नक्षी नसलेले टायर वापरतात व धांवण्यापूर्वीं ते तापवून चिकट करतात. परंतु हे टायर पावसांत रस्त्यावर साबणाच्या वडीसारखे घसरतात.

याच्या जोडीला गाडी हलकी करण्याचा उद्योग चालतो. मागची बैठक काढली, जादा चाक काढलें, आंतला गालिचा काढला. हळूहळू गाडी शंकरपटाच्या छकड्यासारखी होत जाते. त्यांत आजीला दवाखान्यांत नेतां येत नाहीं, बहिणीला परीक्षेला पोंचवितां येत नाहीं. तरुणानें ही किंमत जाणून बुजून दिली असेल तर तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, गाडी अर्धवट बदललेली असते : बळ शर्यतीचें, आणि बाकी सर्व सांगाडा बाजारहाटाचा. धोका आहे तो याच अर्धवटपणांत.

कारण या सर्व खटाटोपांत एक वस्तु बहुधा शेवटपर्यंत तशीच राहते. ती म्हणजे ब्रेक. त्यानें गाडी पळत नाहीं, म्हणून तरुणाचें मन त्याकडे जात नाहीं. येथें थोडें गणित करणें प्राप्त आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे गाडीच्या अंगची ऊर्जा दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी, अकराशें किलो वजनाची मोटार थांबविली, तर जी उष्णता निघते, तिनें सव्वा लिटरहून थोडें अधिक पाणी उकळीला येईल. तीच मोटार ताशीं २०० किलोमीटर वेगांतून थांबविली, तर पांच लिटरांहून अधिक पाणी उकळेल. घरच्या शेगडीवर या कामाला किती वेळ लागतो, हें गृहिणींना सांगावयास नको. ब्रेकच्या तबकड्यांना ती सर्व उष्णता अवघ्या कांहीं सेकंदांत पोटांत घ्यावी लागते. अंतराचा हिशेबही असाच आहे. चांगल्या कोरड्या रस्त्यावर १०० च्या वेगानें जाणाऱ्याला धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारें ७५ मीटर लागतात; २०० च्या वेगानें जाणाऱ्याला सुमारें अडीचशें. तेंही टायर व ब्रेक उत्तम असतील तर.

वेग नाहींसा होत नाहीं, तो उष्णतेचें रूप घेतो, हें सत्य बुलढाणा जिल्ह्यांतील माणसाला पुस्तकांत शोधावयास नको. लोणारचें सरोवर त्याच्या अंगणांतच आहे. फार प्राचीन काळीं आकाशांतून एक पाषाण प्रचंड वेगानें आला व या काळ्या खडकावर थांबला. त्याला ब्रेक नव्हता. क्षणार्धांत त्याचा सगळा वेग उष्णतेंत व स्फोटांत बदलला, आणि सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर मागें राहिलें. मोटार कांहीं उल्का नव्हे. तथापि नियम दोघांना एकच लागू आहे.

तर मग ही हौस मुळांतूनच बंद करावी काय? याचें उत्तर देण्यापूर्वीं, ज्या देशांत हा खेळ वाढला त्या देशाचा अनुभव पाहणें उपयोगी होईल. १९४५ सालीं युद्ध संपल्यावर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत जुन्या मोटारींचीं इंजिनें सुधारून त्या पळविण्याचा नाद तरुणांत फैलावला. शहरांतील रस्त्यांवर रात्रीं शर्यती होऊं लागल्या. पोलिसांनीं धाक घातला, वर्तमानपत्रांनीं टीका केली. नाद कमी झाला नाहीं. १९५० सालीं सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून शर्यत करण्याची सोय झाली. १९५१ सालीं वॉली पार्क्स यानें या खेळासाठीं एक राष्ट्रीय संस्था काढली, आणि १९५४ पासून त्या संस्थेचीं माणसें गांवोगांव फिरून गाड्या कशा तपासाव्यात, प्रेक्षकांना किती दूर ठेवावें, वेळ कसा मोजावा, हें शिकवूं लागलीं. तरुणाचा वेग कोणी हिरावून घेतला नाहीं. त्याला जागा नेमून दिली, आणि जागेबरोबर नियम दिले. शिरस्त्राण, पट्टे, गाडी उलटली तर डोकें वांचविणारा लोखंडी पिंजरा, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शर्यतीची रेषा संपल्यावर गाडी थांबविण्यासाठीं पुढें राखलेली मोकळी वाट.

आपल्या देशांतही असे प्रयत्न झालेले आहेत. मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूर येथील शर्यतीच्या मैदानावर मोटारसायकलींच्या राष्ट्रीय सरळधावा भरविण्यांत आल्या आहेत. महाराष्ट्रांत लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅली येथील खाजगी विमान-धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरल्या, आणि घरगुती गाड्या बदलून घेतलेले पुष्कळ तरुण तेथें उतरले. तेथील पद्धति पाहण्यासारखी असते. आरंभरेषेवर एक खांब, त्यावर पिवळे, हिरवे व तांबडे दिवे. पिवळे लागले म्हणजे सावध व्हावयाचें, हिरवा लागतांच सुटावयाचें. हिरव्याच्या आधीं जो सुटला त्याच्या बाजूला तांबडा दिवा लागतो व तो बाद होतो, मग त्याची गाडी कितीही बलवान असो. दिवा लागल्यापासून चालकानें घेतलेला वेळ निराळा मोजतात, आणि गाडीनें पट तोडण्यास लाविलेला वेळ निराळा. त्यामुळें सेकंदाच्या दशांशानें मंद अशी गाडी, चालक सावध असल्यास, अधिक वेगवान गाडीला मागें टाकूं शकते. वेगाच्या या खेळांतही उतावळेपणाला बक्षीस नाहीं, ही गोष्ट तरुणांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

आतां पुन्हां जिल्ह्याकडे वळूं. ज्या पिढीनें खामगांव-नांदुरा-मलकापूर हा महामार्ग एकपदरी व खांचखळग्यांचा पाहिला, तिला आजचे रस्ते स्वप्नासारखे वाटतील. मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं सुरू झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरचा सर्व मार्ग पुरा झाला. रुंद, सरळ, सिमेंटचा. तेथें मोटारींना सपाटीवर ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. परंतु ज्याच्या गाडींत नवें बळ भरलें आहे त्याला तो रस्ता पाहून काय वाटत असेल, हें सांगावयास नको. त्याला तो पट वाटतो. आणि येथेंच त्याची चूक होते.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यांतील पिंपळखुटा गांवाजवळ, नागपुराहून पुण्यास निघालेली एक खाजगी प्रवासी बस उलटली व पेटली. पंचवीस माणसें जळून मेलीं. त्या अपघाताचा शर्यतीशीं कांहीं संबंध नव्हता. तो येथें सांगण्याचें कारण निराळें आहे. रस्ता कितीही उत्तम असला तरी त्यावर रात्रीं झोंपलेलीं माणसें प्रवास करीत असतात. बंद पडलेली मालट्रक उभी असते. कधीं रानडुक्कर आडवें येतें. त्यांपैकीं कोणीही शर्यतींत नांव घातलेलें नसतें. पटावर उतरणारा आपला जीव आपल्या इच्छेनें पणाला लावितो. रस्त्यावर शर्यत करणारा दुसऱ्याचा जीव त्याला न विचारतां पणाला लावितो. या दोहोंमधील अंतर कोणतेंही कोष्टक बदलून मिटत नाहीं.

कायद्यानेंही हेंच धरलें आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्याच्या मूळ वर्णनाशीं विसंगत असा फेरबदल नोंदलेल्या गाडींत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हा दंडक ठामपणें सांगितला. १८९ व्या कलमान्वयें परवानगीवांचून सार्वजनिक जागीं शर्यत करणारास पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात. तेव्हां शर्यतीसाठीं बदललेली गाडी शर्यतीच्या मैदानापुरतीच ठेवावी, आणि मैदानावर ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी, हाच सरळ मार्ग. पटाची जोडी घेऊन निघालेला शेतकरीसुद्धां आपले बैल लांबच्या गांवीं पायीं पळवीत नेत नाहीं. टेंपोंत चढवून नेतो.

शंकरपटाची स्वतःची कथाही या प्रश्नावर प्रकाश पाडते. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या, कारण बैलांचे हाल होत होते, आणि तें खोटें नव्हतें. २०१७ सालीं महाराष्ट्रानें स्वतंत्र कायदा केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटींवर शर्यतींना परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा वैध ठरविला. पट पुन्हां भरूं लागले, परंतु ते पूर्वींच्या मोकळिकीनें नव्हे. आतां आगाऊ परवानगी लागते, आणि बैलाला इजा करण्याची मनाई आहे. मुक्या जनावराची काळजी घेतल्यावांचून समाजानें त्या खेळाला मान्यता दिली नाहीं. मग बोलत्या माणसांची, वाटसरूंची व मुलांची काळजी घेतल्यावांचून मोटारींच्या खेळाला ती कशी मिळावी?

घरांतील वडील मंडळींपुढें हा प्रश्न बहुधा अकस्मात् येतो. मुलगा गाडी घेऊन कारागिराकडे जातो, आवाज बदललेला ऐकूं येतो, आणि मग घरांत वादळ उठतें. किल्ली काढून घेतली जाते. मुलगा मित्राची गाडी घेतो. नुसत्या नकारानें येथें काम होत नाहीं, आणि नुसत्या कौतुकानें तर मुळींच होत नाहीं. त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारावेत. पहिला : वाढविलेलें बळ गाडीचा कोणकोणता भाग सोसणार आहे, तें क्रमानें सांग. दुसरा : ब्रेकसाठीं किती पैसे ठेविले आहेस? तिसरा : ही गाडी तूं पळविणार कोठें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें तर मुलगा हौशी नसून विद्यार्थी आहे, आणि उद्यां तो चांगला इंजिनिअर होऊं शकेल. दुसऱ्याचें उत्तर देतां आलें तर त्याला जबाबदारी कळूं लागली आहे. परंतु तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जर तो टाळूं लागला, तर पहिल्या दोन उत्तरांचा कांहींच उपयोग नाहीं, असें समजावें.

आणि समाजाकडेही एक प्रश्न उरतोच. दर तालुक्याला पट भरविण्यास जागा मिळते, बक्षिसें मिळतात, पंच मिळतात. यंत्राची आवड असलेल्या मुलांना, नियमांनीं बांधलेली, देखरेखीखालची एखादी सरळ वाट जवळपास मिळाली, तर त्यांना रात्रींचा महामार्ग शोधीत फिरावें लागणार नाहीं. मुलांना दोष देण्यास फार थोडे कष्ट पडतात. जागा करून देण्यास मात्र खटपट करावी लागते.

पटाचें मैदान आंखतांना जाणते शेतकरी पहिल्यानें आरंभरेषा पाहत नाहींत. ते शेवटच्या रेषेच्या पलीकडे जाऊन उभे राहतात व पुढें विहीर आहे काय, बांध आहे काय, माणसें बसणार आहेत काय, हें पाहतात. भरधांव सुटलेली जोडी रेषा ओलांडल्यावर लगेच थांबत नाहीं, हें त्यांना ठाऊक असतें. जेथें रेषेच्या पुढें मोकळें रान आहे, तेथेंच जोडी सोडावयाची, हा त्यांचा दंडक आहे. मोटार बैलांहून शतपट बलवान झाली. हा दंडक मात्र बदललेला नाहीं.